प्रश्न विचारणारा पुढारी

ख्रिस्ती पुढाऱ्याने प्रश्न विचारले की त्याची श्रद्धा डळमळली, असा समज अनेकदा आढळतो. विचारपूर्वक प्रश्न म्हणजे उत्तर आधीच न ठरवता, समजून घेण्यासाठी विचारलेला प्रश्न. कळमनुरी परिसरात हळद पारखताना हळकुंड मोडून आतला रंग पाहतात. तो हळदीवरचा अविश्वास नसतो; तसाच प्रश्न विचारणे हाही श्रद्धेवरचा अविश्वास नसतो. उदाहरणार्थ, समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षेचा जलविधी) घेतला. त्यानंतरही त्रैक्याविषयी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) त्यांनी तिथल्या धर्मभगिनींना पत्रांतून सडेतोड प्रश्न विचारले. पुढे त्यांनीच केडगावला मुक्ती मिशन (निराधार स्त्रिया व मुलांचा आश्रम) उभारले आणि बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रश्नांनी त्यांची श्रद्धा खचली नाही, पक्की झाली. म्हणून मंडळीच्या पुढाऱ्याने आधी विचारावे, मन लावून ऐकावे आणि मगच बोलावे.