लूर्दचे हौद आणि ओंजळभर पाणी

फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, गाव्ह नदीकाठी लूर्द हे जेमतेम १४ हजार वस्तीचं गाव. तरीही देशात सर्वाधिक हॉटेलं असलेल्या ठिकाणांत त्याची गणना होते. १८५८ साली १४ वर्षांच्या बर्नाडेट सुबिरूला इथल्या गुंफेत पवित्र मरियेनं १८ वेळा दर्शन दिलं, ही कॅथलिकांची श्रद्धा. वसईचे भाविकही इथं जातात आणि झऱ्याचं पाणी मरियेच्या आकाराच्या, निळ्या टोपणाच्या प्लास्टिकच्या बाटलीतून घरी आणतात.

लूर्दचं खरं काळीज म्हणजे तिथले स्नानाचे दगडी हौद. पाणी बाराएक अंशांचं, हाडं गोठवणारं. भाविकाच्या अंगाभोवती ओली चादर गुंडाळतात. दोन्ही बाजूंनी स्वयंसेवक हात धरून त्याला पायऱ्या उतरवतात, मागे कलवून पाण्यात बुडवतात आणि वर घेतात. अंग पुसायला टॉवेल देत नाहीत. एका हौदात दिवसभर माणसामागून माणूस उतरतो, त्यातले कित्येक आजारी. कोविडच्या महासाथीत हे चालणं शक्यच नव्हतं. आधी हौद बंद झाले आणि १७ मार्च २०२० रोजी अख्खं तीर्थक्षेत्र. तिथल्या इतिहासात असं प्रथमच घडलं. रिकाम्या गुंफेसमोर धर्मगुरू जपमाळेची प्रार्थना म्हणत होते आणि जगभरचे भाविक ती घरबसल्या पडद्यावर पाहत होते.

१६ जुलैला दहा भाषांत दिवसभराची ऑनलाइन यात्रा झाली. तारीख विचारपूर्वक निवडलेली होती. १८५८ साली त्याच दिवशी बर्नाडेटला शेवटचं दर्शन झालं. तेव्हा सरकारी हुकमानं गुंफेला कुंपण घातलेलं होतं, म्हणून तिनं नदीपलीकडच्या कुरणात गुडघे टेकले होते. दुरून घडलेलं दर्शन लूर्दच्या मूळ कथेतच आहे.

हौदांच्या जागी आला तो जलविधी. स्वयंसेवक तांब्यानं ओंजळीत पाणी ओततो. भाविक हात धुतो, चेहरा धुतो, घोटभर पितो. याला कुणी नाइलाजाची तडजोड म्हणेल, मला तसं वाटत नाही. झऱ्यावर जाऊन पाणी पी आणि तिथं धुऊन घे, पाण्याबद्दल एवढंच बर्नाडेटला सांगण्यात आलं होतं. तिनं माती उकरली, गढूळ पाणी तीनदा टाकून दिलं आणि चौथ्यांदा प्यायली. हौद नंतर बांधले गेले.

मात्र अर्धांगवायूनं खिळलेल्या माणसाला अनोळखी हातांनी उचलून पाण्यात उतरवणं, ही लूर्दची सर्वांत मोठी सेवा आहे. ती ओंजळीत मावत नाही आणि पडद्यावर तर पोहोचतच नाही. साथ ओसरल्यावरही जलविधी चालू राहिला, ते योग्यच झालं. पण त्याच्या सोयीपायी हौदांकडे पाठ फिरवली जाऊ नये.