कॅप्टनला टोकणार कोण?

दुबईला माल पाहायला, भावाकडे किंवा नोकरीसाठी जाणारे आपल्यात कमी नाहीत. तिकीट काढताना आपण भाडे विचारतो, सामान किती किलो नेता येईल ते विचारतो. पुढच्या बंद दाराआड बसलेली दोन माणसे एकमेकांशी कशी वागतात, हा सवाल आमच्याही मनात कधी आला नव्हता. मंगळूरच्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचला आणि तेव्हापासून तो मनातून जात नाही.

२२ मे २०१० ची सकाळ. दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला उतरत होते. आत १६६ माणसे. तिथली धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर, तिच्या टोकाला दरी. विमान पाहिजे त्यापेक्षा फार उंचावर होते. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हटले, म्हणजे उतरणे सोडा, पुन्हा वर चला. यंत्रेही इशारे देत होती. कॅप्टन खाली येतच राहिले. ८,०३३ फूट लांब धावपट्टीपैकी सुमारे ५,२०० फूट मागे पडल्यावर चाके टेकली. विमान दरीत कोसळले. १५८ जण गेले, आठ वाचले.

निवृत्त एअर मार्शल गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात १ तास ४० मिनिटे दोघांचे काहीच बोलणे नव्हते. कॅप्टन झोपले होते. गाढ झोपेतून उठलेल्याचे डोके लगेच चालत नाही, हे आपण जाणतो. पण शेजारचा जागा होता, त्याला धोका कळला होता, त्याने तोंडही उघडले. मग विमान आपल्या हाती का घेतले नाही? अहवाल म्हणतो, सहवैमानिकाचा हा अधिकार नियमांत पुरेसा स्पष्ट नव्हता. आम्हाला वाटते, नियम स्पष्ट असता तरी हात पुढे करणे सोपे नव्हते.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उस्तादांची चूक दिसली तरी नजर खाली ठेवायची, ही तिथली तालीम. पुढे धंद्यात आम्ही स्वतः उस्ताद झालो आणि तीच अपेक्षा ठेवली. एकदा रंगाईला दिलेल्या अस्तराच्या मालात शेड फिरलेली होती. पोरगा दोनदा म्हणाला, “शेठ, जरा नमुना लावून पाहा ना.” आम्ही त्याला गप्प केले. ऐंशी तागे परत आले. तिसऱ्यांदा तो बोलला नव्हता, आणि त्याला बोलावेसे वाटेल असे आम्ही ठेवलेही नव्हते. आमचे पैसे गेले, एवढ्यावर भागले.

विमानाच्या धंद्यातल्या लोकांना ही गोष्ट फार महागात पडून कळली. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचे विमान चाकांच्या बिघाडामुळे सुमारे तासभर घिरट्या घालत होते. कॅप्टनचे सारे लक्ष चाकांत. इंधन संपत आल्याचे बाकीच्यांना दिसत होते. ते सांगतही होते, पण आडून आडून, अदब राखून. शेवटी इंजिने बंद पडली आणि विमान शहराच्या वस्तीत पडले. १८९ पैकी १० जण दगावले. विमान काही नादुरुस्त होऊन पडले नव्हते. पुढच्याच वर्षी ‘नासा’ने या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने नवे शिक्षण सुरू केले. त्यात हाताखालच्याने ठामपणे बोलायला शिकायचे आणि कॅप्टनने विचारायला, ऐकायला शिकायचे. आमच्या मते दुसरा धडा जास्त जड. पुष्कळ जुन्या कॅप्टनांना तो अपमान वाटला, यात नवल नाही.

त्याच कंपनीचे एक विमान १९ जुलै १९८९ ला शेपटीतले इंजिन फुटून जवळजवळ लुळे झाले. सुकाणू हलेना. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला आत घेतले आणि दोन्ही इंजिनांचे दांडे त्याच्या हाती दिले. पाव शतकाहून अधिक नोकरी झालेला माणूस आपल्या कॉकपिटात दुसऱ्याला हात लावू देतो, ही मामुली गोष्ट नाही. विमान सू सिटीला आदळलेच, पण २९६ पैकी १८४ जण जगले. हेन्स पुढे जिथे बोलत तिथे याचे श्रेय त्या शिक्षणाला देत.

आणि आपल्याकडे? मंगळूरला दहा वर्षे झाल्यावर, ७ ऑगस्ट २०२० ला, कोरोनाच्या दिवसांत दुबईहूनच आलेले त्याच कंपनीचे विमान कोझिकोडला पावसात उतरले. पुन्हा टेकडीवरची धावपट्टी, पुन्हा निम्मी पट्टी ओलांडून टेकलेली चाके. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले, पण सूत्रे हाती घेतली नाहीत. २१ जण गेले, त्यांत ते दोघेही होते. कॅप्टन अत्यंत अनुभवी, हवाईदलातून आलेले. दोघांच्या दर्जातली दरी आणि सहवैमानिकाचा संकोच अहवालाने नोंदवला, कंपनीचे शिक्षण अपुरे म्हटले.

त्याच अहवालातली आणखी एक नोंद मालक लोकांनी वाचावी अशी आहे. कोझिकोडला पुरेसे कॅप्टन ठेवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून निघणारे विमान याच कॅप्टनना न्यायचे होते. विमान दुसरीकडे उतरवले असते, तर ती फेरी अडली असती.