नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

मुकुटबनच्या आमच्या गटांत बँकेचा फॉर्म भरताना एक शब्द हमखास अडतो, नॉमिनी. कुणी म्हणतं, म्हणजे वारस. कुणी म्हणतं, पैसे ज्याचे होतात तो. आम्हीही कित्येक वर्षं असंच सांगत होतो, हे आधी कबूल करतो.

पेरणीच्या दिवसांत गटातल्या एका ताईचा नवरा वारला. खातं लग्नाआधीचं, नॉमिनी धाकटा भाऊ. बँकेनं पैसे त्याला दिले, ते नियमानंच. पण "नॉमिनी मी, म्हणजे पैसे माझे," असं दीर म्हणाला आणि ताई दिवाळीपर्यंत गप्प बसली.

फॉर्मवर मराठीत 'नामनिर्देशित व्यक्ती' लिहिलेलं असतं. जिभेला जड, पण अर्थ नेमका: जिचं नाव सांगून ठेवलं ती. तिनं पैसे उचलायचे आणि हकदारांपर्यंत पोचवायचे. राखणदारच म्हणा ना! वारस वेगळा, त्याचा हक्क कायद्यानं येतो. इंग्रजी कागदावर त्याला लीगल हेअर म्हणतात. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पुरुषामागे बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. ही माणसं असताना भावाला काही नाही. आपल्या गोंड, कोलाम बहिणींना मात्र हा कायदा लागू नाही, तिथे रूढी पाहतात. त्यांनी तालुका विधी सेवा समितीत विचारावं. बायकांना तिथे मदत मोफत मिळते.

भिंतीवरचं 'कालनिर्णय' घरोघरी असतं. ते सुरू करणारे जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या ठेवी आणि म्युच्युअल फंडांवरून हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला: नॉमिनी झाला म्हणून कुणी मालक होत नाही. बँक खात्याबद्दल न्यायालयानं हे २०१० मध्येच सांगितलं होतं.

आयुर्विम्याचं २०१५ पासून थोडं वेगळं आहे. तिथे नवरा, बायको, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रक्कम साधारणपणे त्यांचीच होते. आणि सातबाऱ्यावर नॉमिनी नसतोच. तिथे तलाठ्याकडे वारस नोंद करावी लागते.

ताईनं सासूला सोबत घेऊन दिराशी बोलणी केली. सासूचाही वाटा होताच. पहिला हप्ता मिळालाय, दुसरा कापूस विकल्यावर.

पुढच्या बैठकीला घरातली सगळी पासबुकं आणा. नॉमिनीचं नाव बदलायला एक फॉर्म पुरतो, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नावंही देता येतात.