पहिला घास कुणाचा?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विश्रांतवाडीच्या बाजारात झेंडूच्या ढिगांशेजारी भाताच्या लोंब्यांच्या जुड्या विकायला येतात. त्यातला एखादा हिरवट दाणा नखाने दाबून पाहा. कित्येकदा पांढरं दूध बाहेर येतं. पीक पुरतं तयार नाही, तरी लोंबी दाराला लागायला हवी. कोकणातून पुण्यात आलेल्या घरांत ती नुसती शोभा नसते. ते ‘नवं’ असतं, आणि ते बांधल्याशिवाय नवा तांदूळ चुलीवर चढत नाही, असा तिकडचा जुना रिवाज.

तिकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी भाताच्या तीन जाती असतात: हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं साधारण साडेतीन महिन्यांत हाती येतं, गरव्याला साडेचार-पाच लागतात. श्रावण-भाद्रपदात गेल्या वर्षीचं धान्य संपत आलेलं असतं, नवं अजून दाणा भरत असतं. घरात ओढ सगळ्यात जास्त नेमकी तेव्हाच. आणि अशा वेळी शेतात पहिली पिकलेली हळव्याची लोंबी खायची नाही, तर नाचणीचं कणीस, वरी, कुरडूचं फूल आणि आंब्याचं पान तिच्याबरोबर बांधून ती दाराला, तुळशीला, विहिरीला, नांगराला वाहायची. मग नव्या तांदळाची खीर. घासाआधी थांबायची ही रीत माणसाने पृथ्वीवर किती ठिकाणी बसवली आहे हे पाहिलं की खरोखर थक्क व्हायला होतं.

नायजेरियाच्या आग्नेय भागातले इग्बो लोक ऑगस्टच्या सुमारास असंच थांबतात. त्यांचं मुख्य पीक याम, म्हणजे आपण उपासाला खातो त्या कोनफळाच्या कुळातला कंद. ‘इवा जी’ या सणाच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीचे उरलेसुरले कंद संपवतात किंवा टाकून देतात. दुसऱ्या दिवशी गावातला वडीलधारा नवा कंद देवाला आणि पूर्वजांना अर्पण करतो, पहिली फोड स्वतः खातो, आणि मगच बाकीच्यांना नवा याम खायची मोकळीक मिळते.

यात शेतीचं शहाणपणही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या पांढऱ्या यामचा वेल एका हंगामात दोनदा काढता येतो. पहिल्या वेळी माती अलगद उकरून, मुळांना धक्का न लावता मोठा कंद कापून घेतात आणि वेल पुन्हा मातीने झाकतात. वेल जगतो आणि पुढच्या काही महिन्यांत कापल्या जागी लहान कंद धरतो. तेच पुढच्या वर्षीचं बेणं. घाईने उकरला तर कंद पाणचट निघतो आणि टिकत नाही. सगळ्या गावाने एका ठरलेल्या दिवसापर्यंत हात आवरणं किती मोलाचं, हे त्यावरून कळतं.

पण तो दिवस ठरवायचा कुणी? चिनुआ अचेबे यांच्या ‘ॲरो ऑफ गॉड’ (१९६४) या कादंबरीचा सगळा पेच याच प्रश्नात आहे. इंग्रज अधिकारी पुजारी एझेउलूला डांबून ठेवतात. दर अमावास्येनंतर नवा चंद्र दिसला की एक पवित्र याम खायचा त्याचा नेम चुकतो. सुटून आल्यावर उरलेले याम संपेपर्यंत सण जाहीर करायला तो नकार देतो. पीक जमिनीत सडू लागतं, लोक उपाशी, आणि चर्च सांगतं, तुमचा याम आमच्या देवाला वाहा आणि खुशाल काढणी करा. लोक जातात.

इग्बो भाषेचीही गोष्ट अशीच घडली. बहुतेक इग्बो मुलखात एकछत्री राजा नव्हता. गावागणिक सणाचा दिवस वेगळा, तशी बोलीही वेगळी. टी. जे. डेनिस या मिशनऱ्याने अनेक बोली एकत्र करून घडवलेल्या भाषेत बायबल केलं, ते १९१३ मध्ये आलं. ती भाषा कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. अचेबेंना तिचा मनापासून राग होता, आणि १९९९ मध्ये ओवेरीतल्या ओडेनिग्बो व्याख्यानात त्यांनी इग्बोतूनच तिच्यावर कडाडून टीका केली. पहिला घास कुणाचा आणि प्रमाण बोली कुणाची, हे भांडण मला एकच वाटतं. दोन्हीकडे सगळ्यांच्या वतीने कुणीतरी ठरवायचं असतं.

गोव्यात हे अगदी जवळून दिसतं. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, हिंदू घरांत शेतातली कणसं गणपतीपुढे ठेवतात. राय गावचे ख्रिस्ती शेतकरी ५ ऑगस्टला, ताळगावचे २१ ऑगस्टला ‘कणसाचें फेस्त’ करतात. पाद्री शेताला आशीर्वाद देतो आणि पहिली कणसं कापली जातात. धर्म बदलला, पंचांग बदललं, तरी शेतातलं पहिलं कणीस आधी देवाचंच राहिलं.

भाषेला मात्र असं एकत्र नांदता आलं नाही. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असं ठरलं आणि मराठीच्या वापरालाही जागा राहिली. रोमी लिपीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिणारे, बहुतांश ख्रिस्ती, कोकणी लेखक आपल्या लिपीसाठी अजून झगडत आहेत. मला त्यांचं म्हणणं न्यायाचं वाटतं. कणसाचं फेस्त ज्यांनी टिकवलं, त्यांची प्रार्थना आणि गाणी याच लिपीत लिहिली गेली.

कोकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या वादाचा एक धागा विश्रांतवाडीच्या शेजारी, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात सापडतो. तिथल्या सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ मध्ये कोकणीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. अ. मा. घाटगे यांच्या ‘मराठी बोलींच्या सर्वेक्षणा’चा पहिला खंड १९६३ मध्ये आला, तो दक्षिण कानडातल्या कोकणीवर. म्हणजे नाव मराठी बोलींचं आणि आत कोकणी. याच संस्थेने अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आहे आणि ते इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतं. सिंधुदुर्गातल्या गावांपासून सुरुवात करा आणि मराठी कुठे संपते ते शोधा.