आधी चाक, मग फळी

समुद्रावर लाटा नसल्या म्हणजे कॅलिफोर्नियातील लाटांवर स्वार होणारे तरुण फळीला चाके लावून रस्त्यावर उतरत. १९५० च्या दशकात रुजलेल्या या खेळाची लांब फळी, म्हणजेच लाँगबोर्ड, आज पुष्कळ हौशी माणसे घरीच घडवितात. मेपलचे पातळ पापुद्रे सरस लावून साच्यात दाबतात. काही थरांचे तंतू आडवे ठेवले नाहीत, तर फळी उभी चिरते.

परंतु चाके आधी ठरवावीत. पूर्वीची मातीमिश्रित कठीण चाके खड्यापाशी अडत आणि स्वार फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके प्रचारात आणली. सुमारे ७० मिलिमीटर व्यासाचे मऊ चाक खडा सहज ओलांडते. मात्र वळणावर तेच फळीला घासले, तर जागीच थांबते. म्हणून तेथे फळीला खाच ठेवावी. करवत हाती घेण्यापूर्वी चाक मोजावे, ते स्वाराचे हातपाय शाबूत राहावेत यासाठी.