मोकळे दार, आखूड दोरी

लेकीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा तिच्या घरातील ब्रूनो या श्वानाशी माझे संबंध नव्या खातेदाराशी असावेत तितकेच औपचारिक होते. वसंतातील एका रविवारी आम्ही सारे डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ येथे गेलो आणि त्या संबंधांची कसोटी लागली.

डरवेंट नदीकाठचा हा प्रासाद डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचा. आजच्या वास्तूची उभारणी १६८७ साली सुरू झाली. अठराव्या शतकात ‘केपेबिलिटी’ ब्राउन या उद्यानरचनाकाराने भोवतालची कुरणे व वृक्षराजी अशी घडविली, की ती निसर्गानेच मांडली असावी असे वाटते. १९५० साली दहावे ड्यूक निवर्तले आणि मालमत्तेवर ८० टक्के मृत्युकर बसला. तो भागविण्यासाठी घराण्याला आपली दुसरी ऐतिहासिक वास्तू, हार्डविक हॉल, सरकारला द्यावी लागली. पुढे १९८१ मध्ये चॅट्सवर्थच्या जतनासाठी धर्मादाय न्यास स्थापन झाला. आयुष्यभर कर्जाचे कागद पाहिलेल्या मला ही कथा दरबारी वैभवाहून अधिक भावली.

सुमारे १,००० एकरांच्या आवारात पायी फिरण्यास शुल्क नाही. १०५ एकरांच्या बागेला तिकीट आहे. श्वानाला दोन्हीकडे मुभा, मात्र त्याची दोरी आखूड हवी. प्रासादात फक्त साहाय्यक श्वानांना प्रवेश.

बागेत आम्ही ‘एम्परर’ कारंजे पाहिले. जोसेफ पॅक्स्टनने ते १८४४ मध्ये रशियाच्या झारच्या अपेक्षित भेटीसाठी उभारले. झार आलाच नाही. कारंजे मात्र राहिले. डोंगरावरील तलावाचे पाणी केवळ उताराच्या दाबाने उसळते, पंप नाही! याच पॅक्स्टनने येथील काचगृहात केळी पिकविली आणि तिला घराण्याचे ‘कॅव्हेंडिश’ हे आडनाव मिळाले. आपल्या जळगावची बसराई व ग्रँड नैन याच कुळातील. परदेशात अचानक गावचा माणूस भेटावा, तसे वाटले.

दुपारी लेक आणि जावई प्रासाद पाहावयास गेले. ब्रूनोसह मी बाहेरच्या कुरणात थांबलो. त्याचा शांत स्वभाव पाहून दोरी सैल सोडली. समोर मेंढ्या आणि त्यांची इवली कोकरे चरत होती. एक कोकरू उडी मारून पळाले आणि क्षणात दोरी माझ्या हातून निसटली. सारा कळप उधळला. एक कोकरू आईपासून दुरावून आकांताने ओरडू लागले. मी मराठीत हाका मारीत धावत होतो. साठी उलटलेल्या पायांना वेग कोठून येणार? सुदैवाने वाटेवरील एका वृद्ध गृहस्थाने फरफटणाऱ्या दोरीवर पाय दिला.

ते रागावले नाहीत. त्यांनी समजावले, की चावा न घेताही धसक्याने गाभण मेंढी गर्भ टाकू शकते. शेतजमिनीवर पशुधनाचा पाठलाग करू देणे १९५३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि विशिष्ट परिस्थितीत असा श्वान गोळीने मारणाऱ्या शेतकऱ्यास कायद्याचे संरक्षणही मिळू शकते. कोकरू आईला पुन्हा बिलगेपर्यंत मी तेथून हललो नाही. माझ्या क्षणभराच्या निष्काळजीपणाचे मोल दोन मुक्या जिवांपैकी कोणीही चुकविले असते.

बँकेत आम्ही म्हणत असू, पत मिळविण्यास वर्षे लागतात, गमावण्यास एक हप्ता पुरतो. येथील मोकळे दारही असेच पतीवर उघडे आहे. परदेशी मुलांच्या घरी श्वान असेल, तर अशा स्थळी त्याला जरूर न्यावे. त्याचे पाणी व विष्ठा उचलण्याच्या पिशव्या सोबत ठेवाव्यात. मेंढ्या दिसताच दोरी मनगटाला गुंडाळून आखूड धरावी.

परतताना ब्रूनो माझ्या पायावर डोके ठेवून झोपला. दोरी तेव्हाही मी सोडली नव्हती.