‘मनात’मधला ‘त’ शोधायचा कसा?

घरात, मनात, पाण्यात, देवळात. या शब्दांच्या शेवटी बसलेल्या एवढ्याशा ‘त’कडे कोण लक्ष देतं? सप्तमीचा प्रत्यय म्हणून शाळेत पाठ केला आणि विसरून गेलो. पण १९४०च्या दशकात रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पाद्र्यांनी या ‘त’च्या लॅटिन भावंडाचा पिच्छा पुरवला. तेराव्या शतकातला तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस ‘उपस्थिती’बद्दल काय सांगतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आधी त्यांनी उपस्थितीचे भारदस्त शब्द तपासले. मग ध्यानात आलं की अक्वायनसचा खरा विचार त्या शब्दांत नाहीच, तो ‘इन’ या चिमुकल्या अव्ययात आहे. ईश्वर जगात, आत्मा देहात. सगळा भार त्या ‘आत’वर. बुसांनी ‘इन’ असलेली वाक्यं एकेक करून हाताने कार्डांवर उतरवली. कार्डं भरली दहा हजार.

एका अव्ययाची ही कथा. मग अक्वायनसच्या प्रत्येक शब्दाची अशी सूची करायची तर? १९४९मध्ये बुसा न्यूयॉर्कला गेले आणि आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. तिथली यंत्रं तेव्हा हिशेब आणि खानेसुमारीसाठी भोकं पाडलेली कार्डं वेगवेगळी लावत. शब्दांचं काम त्यांच्याकडून होणार नाही, असा तज्ज्ञांचा अहवाल होता. पण बुसा आग्रह सोडेनात आणि वॉटसन यांनी होकार दिला. ती सूची, ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’, १९८० साली पूर्ण झाली. छापील ५६ खंड, १ कोटीहून अधिक शब्द. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासात संगणक वापरणारी जी विद्या आज ‘डिजिटल मानव्यविद्या’ म्हणून ओळखली जाते, ती आपली सुरुवात बहुधा इथूनच मोजते.

यंत्र हाताशी असताना तीस वर्षं का लागली? याचं उत्तर मराठीतच पाहावं. ‘त’ने संपणारे शब्द शोध, असं संगणकाला सांगून बघा. तो ‘मनात’ आणेल, आणि ‘हात’ही आणेल. ‘रात’, ‘बसत’, ‘गणपत’, सगळेच घेऊन येईल. ‘घरी’ आणि ‘दारी’ मात्र सुटतील, कारण तिथे ‘त’ नसतानाही अर्थ सप्तमीचाच आहे. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्यात’ सापडत नाही, कारण प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं सामान्यरूप घेतो. ‘जातो’ आणि ‘गेला’ या दोन रूपांत एकही अक्षर समान नाही, तरी दोन्ही ‘जाणे’चीच. आणि ‘वर’ म्हणजे माथ्यावर, की देवाने दिलेला, की मांडवात उभा असलेला? आपला डोळा हे क्षणात ओळखतो आणि आपण काही ओळखलं हेही आपल्याला कळत नाही. यंत्राला ते कुणीतरी सांगावं लागतं. बुसांना लॅटिनच्या प्रत्येक रूपाला त्याच्या मूळ शब्दाच्या घरी नेऊन बसवायचं होतं. कार्डं लावायचं काम यंत्राचं होतं, पण कुठलं रूप कुणाचं हा निवाडा माणसांचा होता.

ती कार्डं टंकायचं काम गाल्लाराते या गावी तरुण मुली करत. या कामाच्या इतिहासात त्यांची नावं फार काळ आलीच नाहीत. जुलियान नायहन या संशोधक त्यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि त्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या, तेव्हा कुठे त्या ठळकपणे समोर आल्या. यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी: बुसा मुद्दाम लॅटिन न येणाऱ्या मुली निवडत. ज्याला भाषा येते तो खात्रीने टंकतो आणि तिथेच चुकतो. जिला येत नाही ती एकेक अक्षर पाहून टंकते. जुन्या पोथ्यांच्या नकला ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांना हे चटकन पटेल.

आता ग्रंथालयात येऊ. राम गणेश गडकरी यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ म्हणून. संगणकाच्या लेखी ही तीन माणसं. तालिकाकार मात्र तिन्ही नावं एका प्रमाण नोंदीखाली आणतो, बाकीच्यांपासून तिच्याकडे वाट दाखवतो, आणि वाचक कुठल्याही दारातून आला तरी त्याच माणसापाशी पोहोचतो. बुसांनी शब्दांसाठी जे केलं तेच हे, नावांसाठी. विखुरलेली रूपं एका मुळाशी आणायची, पण एकाही रूपाचं वेगळेपण पुसायचं नाही. म्हणूनच ग्रंथपालाने डिजिटल मानव्यविद्येचा पदव्युत्तर अभ्यास करावा, यात मला मुळीच नवल वाटत नाही. तो परक्या मुलखात निघालेला नाही.

याचा एक सुंदर दाखला लंडनमध्ये आहे. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये १९१९ साली ग्रंथपालनाची शाळा निघाली. १९२४मध्ये तिथे मद्रासहून एक गणिताचे प्राध्यापक आले. मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं होतं, पण त्या कामाचं शिक्षण त्यांच्यापाशी नव्हतं. ते शियाळी रामामृत रंगनाथन. तिथे वर्गीकरण शिकताना त्यांना एक गोष्ट खटकत होती. जुन्या पद्धतींत प्रत्येक विषयासाठी खण आधीच ठरलेला असे. नवा विषय जन्माला आला की बसायला जागा नाही! मग लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. जोडणी बदलली की वेगळं खेळणं. विषयही असाच सुट्या अंगांतून जोडता येईल, हे त्यांना तिथे सुचलं. मधला सांधा म्हणून त्यांनी विसर्गासारखं दिसणारं ते चिन्ह घेतलं, आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं. आज एखाद्या संकेतस्थळावर साडी शोधताना आपण रंग, कापड आणि किंमत अशा वेगवेगळ्या अंगांनी यादी गाळत जातो, तो विचार याच जातीचा आहे.

रंगनाथन यांच्या त्या शाळेचा वारसा सांगणारा विभाग आज माहिती अध्ययन विभाग म्हणून चालतो, आणि त्याच विभागात डिजिटल मानव्यविद्येची पदव्युत्तर पदवी मिळते. ग्रंथपाल, अभिलेखपाल आणि डिजिटल मानव्यविद्या शिकणारे एका छपराखाली. प्रोग्रॅमिंग शिकावं लागतं, आणि इतिहास किंवा साहित्याकडून आलेल्यांना त्याचा धाक असतो. पण माझ्या मते खरं कठीण काम त्याच्या आधीचं आहे: मजकुरावर खुणा करण्याचं.

त्यासाठी एक सामायिक खूणपद्धत आहे, टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, थोडक्यात टीईआय. १९८७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार कॉलेजात झालेल्या बैठकीतून ती उभी राहिली. लेखकाने खोडलेल्या शब्दाला एक खूण, ओळीच्या वर घातलेल्या शब्दाला दुसरी, नीट न लागणाऱ्या अक्षराला तिसरी. माणसाचं नाव, गावाचं नाव, तारीख, प्रत्येकाला आपापली. ‘शके १२१२’ हे यंत्राला नुसते अंक आहेत. त्याला खूण लावून १२९० असं सांगितलं की ज्ञानेश्वरी काळाच्या रेषेवर आपल्या जागी जाते. खूण करताना वाचणाऱ्याला पानोपानी ठरवावं लागतं की हे खोडलेलं आहे की शाई सांडली आहे. मला तर हे वाचनाचं सगळ्यात सावकाश आणि प्रामाणिक रूप वाटतं.

युनिव्हर्सिटी कॉलेजपाशीच जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाचे सुमारे ६० हजार हस्तलिखित कागद आहेत. अक्षर दुर्बोध, त्यात खाडाखोड. २०१०मध्ये कॉलेजने त्यांच्या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या केल्या आणि म्हटलं, वाचा, टंका, खुणा करा. लोकांनी खरंच केलं. हौशी माणसांनी हजारो पानं लावून दिली. आणि पुढे त्याच पानांवर यंत्राला बेंथमचं अक्षर वाचायला शिकवलं गेलं. माणसाने लावलेलं एकेक अक्षर यंत्राचा धडा झालं. आपल्या दप्तरांतल्या मोडीचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आणि मोडीच्याही पलीकडे पुण्याचा एक कागद आठवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यासाठी तिथे आडव्या-उभ्या रेघा आखलेले खास कागद असत. प्रचलित पाठातला श्लोक वरच्या ओळीत ठळक लिहायचा आणि खाली पोथ्यांचे पाठभेद, अक्षराखाली अक्षर, आपापल्या रकान्यात. शेजारी पोथीची खूण. १,२५९ पोथ्या, १९ खंड. काम १९६६ला संपलं. संगणक नसताना या माणसांनी हाताने भरलेला हा विदासंच आहे. प्रत्येक अक्षराला पत्ता आहे: कुठला श्लोक, कितवं अक्षर, कुठली पोथी. पुढे क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी या आवृत्तीची संहिता संगणकावर घातली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती दुरुस्त केली. आता ती घरबसल्या शोधता येते.

पण मला राहून राहून त्या आखलेल्या कागदाचंच अप्रूप वाटतं. कल्पना करा, टेबलावर कागद पसरलेला आहे. एक पाठ काश्मीरकडच्या शारदा लिपीतल्या पोथीतून उतरवलेला, दुसरा केरळातल्या मल्याळम लिपीतल्या पोथीतून. लिप्या वेगळ्या, नकलाकार एकमेकांना अनोळखी, मध्ये सगळा देश. संपादकाचं बोट रकान्यातून खाली सरकतं आणि थांबतं, कारण दोन्ही पोथ्यांत तेच अक्षर आहे. म्हणजे ते अक्षर या दोन वाटा फुटण्याच्या आधीचं असणार.